वजन एका पायावर

गुरुवारी सातला बास्केटबॉलची पोरं जातात,
त्यांच्या घामाचा वास आणखी तासभर रेंगाळतो.
मी फरशीवर टाल्कम पावडर भुरभुरते,
बास्केटच्या खांबाला टेकवून स्पीकर ठेवते,
बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावरची चिठ्ठी सरळ करते :
पैसे आधी, नाच नंतर.

एकोणपन्नास वर्षं झाली, मी लोकांना चालायला शिकवते.
चालता येतं अशा समजुतीतच येतात सगळे.
खाटीक इल्दो, दातांची डॉक्टर आमांसिया,
नवऱ्याचे बूट घालून येणारी ती अवेशानेदाची विधवा
(दोन नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला).
मी म्हणते, पाऊल टाका. अख्खं टाका.
वजन दोन्ही पायांवर वाटून उभा राहणारा माणूस
बसथांब्यावर शोभतो.

त्याआधी रंगमंच. जेवणासकट तिकीट,
आणि मी बसवलेला साडेचार मिनिटांचा नाच :
तीनदा रुफिनोला झिडकारायचं,
चौथ्यांदा त्याच्या मांडीवर कोसळायचं.
बावीस वर्षं मी रोज रात्री त्याच जागी कोसळले.
पुढच्या टेबलावर कुणीतरी हटकून
तेवढ्यात मीठ मागायचं.

मधेच आमचा घटस्फोट झाला.
न्यायाधीशबाईंनी विचारलं,
कायमचं वेगळं व्हायची तयारी आहे?
रुफिनो म्हणाला, आहे,
फक्त रात्री सव्वादहाला नाही.

त्यानंतरची अकरा वर्षं
कपाळाला कपाळ लावून.
त्याच्या सदऱ्याला दुसऱ्याच घरच्या साबणाचा वास,
माझ्या पाठीवर त्याचा पंजा, जिथे ठरला होता तिथेच,
एक बोटही खाली नाही.
मिठीत भांडता येत नाही म्हणतात.
येतं,
पण टाचेने.

ओसाकात एका मुलीने वही उघडून विचारलं होतं,
बाई, चेहऱ्यावर नेमकं काय आणायचं?
म्हटलं, घरून निघताना गॅस बंद केला होता का,
तेवढं आठवत राहा.
तिने ते लिहून घेतलं.
पुढच्या वर्षी गेले, तर सबंध वर्ग
गॅस आठवत नाचत होता,
आणि खोटं कशाला बोलू, सुरेख नाचत होता.

या एप्रिलात, फुटपाथवर पानगळ साचू लागली तेव्हा,
दारात काठी वाजली.
खुब्यात नवा सांधा. डॉक्टरने चालायला सांगितलंय, म्हणाला.
मी डब्याकडे बोट दाखवलं.
त्याने मोठी नोट टाकली, सुट्यांसाठी थांबला.
सुटे नव्हते.
राहू दे, असं मी म्हटलं नाही.

काठी खांबाला लावली. हात पुढे केला, जुन्या सवयीने, डावा.
मी तो खाली केला
आणि माझा पंजा त्याच्या पाठीवर ठेवला.
आता तू मागे चाल.
मागचं दिसत नाही, म्हणाला.
नाही दिसत.
आम्ही सगळ्या अशाच चालत आलो, रुफिनो,
तेही नऊ सेंटीमीटरच्या टाचांवर.

त्याचा श्वास माझ्या कानात, म्हातारा, मेंथॉलचा.
वजन कुठल्या पायावर आहे?
तो बराच वेळ शोधत राहिला.
एवढा वेळ त्याने आयुष्यात
माझ्या कुठल्याच प्रश्नाला दिला नव्हता.
डाव्या, म्हणाला शेवटी. बहुतेक.
बहुतेक चालणार नाही.
डाव्या.
मग उजवा सोड.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलो.
गाणं केव्हाच संपलं होतं. आमांसिया स्पीकरपाशी
दुसरं लावू की नको, अशी घुटमळत उभी.
इल्दोने विचारलं, बाई, हा कुठला प्रकार?
पहिला धडा, म्हटलं.

काठी त्याच्या हातात दिली, दारापर्यंत गेले.
पुढच्या गुरुवारी येणार असशील
तर सुटे घेऊन ये.