रिकामं जातं

रबाळ्याच्या पंप कारखान्याला एक दार आहे
जे रबाळ्यात नाही. इंटरनेटवर आहे,
घरून काम करणाऱ्यांसाठी.
ते ठोठावायचे मला पैसे मिळतात,
कागदावर सह्या झाल्यावर, रात्री अकरानंतर.

पहिल्या रात्री दार फार बोलकं निघालं.
एस डॉट पाटकर म्हटलं, तर म्हणालं: पासवर्ड चुकला.
एस डॉट पाटणूरकर म्हटलं, तर: असा युजर नाही.
म्हणजे पाटकर आहेत.
मी यादी लावली आणि चहा ठेवला.
दूध वर येईपर्यंत
स्टोअरचे दोन, हिशेबाचे चार,
आणि ज्यांच्या निरोपाचा हारतुऱ्यांतला फोटो
मार्चमध्येच पाहिला होता ते डी डॉट घरत,
सगळे हजेरी देऊन गेले.
कुलूप जागच्या जागी. एकही किल्ली लागली नव्हती.
आत कोण राहतं तेवढं कळलं.

रिपोर्टात लिहिलं: धोका, मध्यम.
त्यांचे हेबाळकर फोनवर हसले,
'नुसती नावं तर आहेत, मॅडम.
नावानं काय होतं?'

मी घणसोलीत राहते, भाड्यानं, चौथ्या मजल्यावर.
पाटीवर घरमालकाचं आडनाव.
चिपळूण का सोडलं हे
कुठल्या रिपोर्टात लिहायचं नसतं.
जुलैत एक माणूस गेटवर आला,
माझं नुसतं नाव घेतलं.
वॉचमन खिल्लारे भला माणूस.
म्हणाले, 'मॅडम आत्ता नाहीत.'
त्याला तेवढंच हवं होतं.

नावानं हे होतं, हेबाळकर.

मग खिल्लारेंना शिकवलं:
कुणीही येवो, कुणाचंही नाव घेवो,
म्हणायचं, या नावाचं इथं कुणी नाही.
त्यांनी पाठ केलं.
तो पुन्हा आला तेव्हा अगदी तस्संच म्हणाले,
पण आधी एकदा
चौथ्या मजल्याकडे बघून.

कारखान्यानंही तेच केलं होतं.
आता सगळ्यांना एकच उत्तर: नाव किंवा पासवर्ड चुकीचा.
मी घड्याळ लावलं.
नसलेल्या नावाला चाळीस मिलिसेकंद,
असलेल्याला तीनशे दहा.
नाव ओळखीचं असलं तरच
सर्व्हर पासवर्ड दळायला बसतो,
आणि जात्याची घरघर रस्त्यावर ऐकू येते.
शब्द धुऊनपुसून घेतले होते,
थबकणं राहून गेलं.

दुरुस्ती, पान नऊ:
नसलेल्यासाठीही दळा.
दाणा नसला तरी जातं तेवढेच फेरे फिरू द्या.
हेबाळकर म्हणाले, फुकटचं काम वाढतं की हो सर्व्हरचं.
वाढतं.

खिल्लारेंना मी एक वही आणून दिली,
दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची.
आता कुणीही आलं की ते चष्मा लावतात,
अंगठा जिभेला लावून पानं उलटतात,
बोट वरून खाली नेतात, शेवटच्या ओळीपर्यंत,
मगच म्हणतात, 'नोंद सापडत नाही.'
वहीत काहीच लिहिलेलं नाही.
कुरिअरवाला वैतागतो.
बी विंगच्या गोडांब्यांचा जावई तर
पेढ्यांचा पुडा घेऊन परत निघाला होता.

काल ऐरोलीहून यायला उशीर झाला.
गेटवर हळूच विचारलं,
'माझं नाव घेऊन कुणी आलं होतं का, काका?'
त्यांनी चष्मा लावला.
अंगठा ओला केला.
बोट वरून खाली, तितक्याच सावकाश,
'नोंद सापडत नाही, मॅडम.'

मी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.
मनात मोजत होते.
काहीच कळलं नाही.