खरं

मी अकोल्याचा. बदलीनं इथं आलो,
कसबा बावड्याच्या कोर्टात साक्षी टाइप करायला.
बोलणाऱ्याच्या तोंडून शब्द पडतो
आणि माझ्या बोटांखाली त्याला इस्त्री होते.
‘न्हाई’चं नाही होतं,
‘आमी’चं साक्षीदार व इतर.
रडण्यासाठी मात्र यंत्रावर कळ नाही.

त्या दिवशी पिंजऱ्यात बायाक्का चौगले, आंबेवाडीची.
वीस गुंठे भावाला, वीस गुंठे तिला.
भावाचे रस्त्याला लागून, विहिरीसकट.
तिचे पंचगंगेच्या पोटाशी,
श्रावणात जिथला बांध फक्त माशांना ठाऊक.

उलटतपासात वकील म्हणाले,
वाटणी सारखी झाली की नाही?
ती म्हणाली, “सारखी हाय खरं…”
“पुरे. विचारलं तेवढंच बोला.”

मी टाइप केलं :
वाटणी समान झाली हे खरे आहे.
भरभर वाचून दाखवलं.
‘खरे’ ऐकून तिला वाटलं असेल, आपलाच शब्द.
तिनं अंगठा दिला
आणि शाई पुसायला जागा शोधत बाहेर गेली.

शब्द तसे आमच्या कपाटात पुष्कळ :
न्याय्य, समन्यायी, यथोचित.
‘रास्त’ तिथं क्वचितच येतो,
तो रेशन दुकानाच्या पाटीवर राहतो
आणि त्याच्याखाली खडूनं : माल संपला.
‘वाजवी’ रिक्षावाल्याशी भांडताना लागतो.
एका जुन्या वाटणीपत्रात मात्र
‘सरस-निरस मानाने’ असं सापडलं होतं,
म्हणजे काळ्या रानातलं थोडं, खडकातलं थोडं, दोघांनाही.
लिहिणारा कारकून
चपला हातात घेऊन शेत फिरून आला असणार.

संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला गेलो.
म्हशी ओळीनं बांधलेल्या, शेणाचा ऊन वास,
तातोबानं समोर धार काढली,
ग्लास काठोकाठ.
मी हात पुढं केला, त्यानं ग्लास मागं घेतला.
“भरलाय खरं, फेस हाय. बसू दे की जरा.”

भरलाय खरं.

अकोल्यात खरं म्हणजे खरं.
इथं खरं म्हणजे पण.

फेस खाली बसत गेला,
दोन बोटं ग्लास रिकामा निघाला.
तातोबा पुन्हा वाकला, आणखी चार धारा.
“आता घ्या.”
दूध ऊन होतं. ते अर्धं तसंच राहिलं.
एका बाईचं वाक्य मी मध्येच कापलं होतं
आणि तुकड्यावर पूर्णविराम ठेवला होता.

सकाळी न्यायाधीशांना सांगितलं. ते नांदेडचे.
चष्मा काढून बराच वेळ काचा पुसत राहिले.
मग अर्ज, मग हरकत :
शब्दकोशात ‘खरं’चा अर्थ सत्य, तिसरा पर्याय नाही.
दोन अक्षरांवर चाळीस मिनिटं.
शेवटी बायाक्काला परत बोलावलं.
विचारलं, खरं म्हणजे काय?

पाणी म्हणजे काय असं कुणी विचारावं
तशी ती सगळ्यांकडं बघत राहिली.
“खरं म्हंजे… खरं, सायेब.”
शिपाई हसला. मला हसू आलं नाही.
मग ती कठड्याला धरून सावकाश म्हणाली,
“सारखी हाय खरं, बरोबर न्हाई.”

या वेळी कुणी पुरे म्हटलं नाही.
मी आधी स्वल्पविराम दिला. मग : परंतु.

दुरुस्तीवर दुसरा अंगठा उमटला,
पहिल्यापेक्षा थोडा तिरका.

निकालाची तारीख पडलीय ऑगस्टमधली.
तोवर तिच्या वीस गुंठ्यांत नदी शिरलेली असेल,
भावाच्या वीस गुंठ्यांत कमरेएवढा ऊस.
मोजणीदाराला विचारा :
क्षेत्र दोन्हीकडं अगदी तेवढंच भरेल
खरं