असे समजते

कन्ना चौकापाशी अंबादास येमूलचं दुकान,
बीटाच्या दीडशे कॅसेटी.
रस्त्यापलीकडे बसवराज हत्तुरे, व्हीएचएसवाला,
कॅसेटी तेवढ्याच, पण अंगानं थोराड.
साल पंच्याऐंशी. मी सायंदैनिकात खिळे जुळवायचो,
बोटं काळी, आणि अक्षरं उलटी वाचायची सवय.

एका दुपारी चिठ्ठी आली,
जाहिरातीच्या पैशांना टाचलेली:
व्हीएचएसचा कारखाना बंद, दिवाळीनंतर टेप मिळणार नाही.
खाली नाव नाही.
संपादक म्हणाले, शेवटी ‘असे समजते’ घाल.
घातलं. सहा अक्षरं.
‘ज’चा खिळा झिजलेला, तोच बसवला.

दुसऱ्या दिवशी विडी कारखान्याच्या दारात ऐकलं,
कारखाना जळाला.
परवा, मालकानं जीव दिला.
गुरुवारपर्यंत व्हीएचएसची टेप
सोलापूरच्या उन्हात वितळायलाच लागली,
पाच्छा पेठेत कुणाच्या तरी मशीनला चिकटली म्हणे.
हे आम्ही छापलं नव्हतं.
आम्ही फक्त सहा अक्षरं.

मग हत्तुरेची चिठ्ठी आली, नोटा जरा जास्त.
बीटाच्या कंपनीनं हात टेकले.
तीही घेतली, त्याच चौकटीत.
‘असे समजते’ मी अजून सोडवलंही नव्हतं,
तसंच वर सरकवलं.

श्रीहरी दाजी मागावर रात्रपाळीला.
भिशी लागली तसे सायकल घेऊन प्रेसच्या दारात:
तू पेपरात आहेस, तुला आतलं ठाऊक. कुठलं घेऊ?
मी म्हणालो, बीटा.
का म्हणालो?
पहिली बातमी माझ्या हातची होती, एवढंच.
बोटांनी जुळवलेलं
कधी खरं वाटायला लागतं, कळत नाही.

भाचीचं बारसं त्यांनी बीटावर उतरवून घेतलं.
तीन वर्षांत हेड गेलं. सुटा भाग पुण्यातही नाही.
येमूल आता त्याच गाळ्यात टॉवेल विकतो,
हत्तुरेचा मुलगा मोबाईलची कव्हरं.
मशीन कपाटावर, चादरीखाली,
चादर तेवढी दाजींच्या मागावरची.

परवा पद्मजा आली. अडतिसावं लागलंय तिला,
आई जाऊन वीस वर्षं.
कॅसेट हातात धरून म्हणाली,
मामा, यात आई बोलते ना? माझं नाव घेते ना?

तोंडातून निघून गेलं, असे समजते.
ती हसली नाही.
कॅसेट कानाशी नेऊन हळूच हलवली.
आत काहीतरी सुटं वाजलं.