सातवी फळी

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फ सुटला
आणि त्यावर दोन दिवस पाऊस.

आमच्या शहराचं तळं शहरात नाही,
अकरा मैलांवर, दुसऱ्यांच्या गावात आहे.
पाणी आमचं, काठ त्यांचा.
शंभर वर्षांपूर्वीच्या कागदावर हे नीट लिहिलंय,
फक्त तळ्याला वाचता येत नाही.

मी पाणीखात्यात फोन घेते, सात ते साडेतीन.
पहिला फोन काठावरच्या विल्मा स्टर्टेव्हंटचा:
"तळघरात आज तिसरी पायरी."
ती ओरडत नाही.
पायरी सांगते, घरातल्या आजाऱ्याचा ताप सांगावा तशी.
धुलाईयंत्र विटांवर चढवलंय.
नवऱ्याचे मासेमारीचे बूट तरंगतायत,
त्याला जाऊन चार वर्षं झाली.
"जोडीनंच तरंगतात," म्हणाली एकदा
आणि फोन ठेवला.

मी पायरी वहीत लिहिते, अर्नाल्डोला कळवते.

अर्नाल्डो तावारेसचे आजोबा केप व्हर्देहून आले,
गुडघ्यांवर रांगत क्रॅनबेरी वेचायला.
त्यांच्या बेटावर पाऊस वर्षानुवर्षं चुकायचा.
इथं येऊनही त्यांच्या घरात
अर्धा पेला टाकलेला चालत नसे.
आणि नातवाच्या हाती बांध.
पाणी सोडायचा पगार घेतो, म्हणून तो हसतो.
फळी काढताना मात्र हसत नाही.

ओकच्या आठ फळ्या, एकीवर एक, खाचेत बसवलेल्या.
एक फळी म्हणजे सहा इंच.
सहा इंच म्हणजे शहराचे एकोणीस दिवस:
अंघोळी, शाळेचे नळ, डायलिसिसच्या खुर्च्या,
बंबवाले, कोपऱ्यावरची लाँड्री.
झडपघराच्या दारामागे त्यानं पेन्सिलीनं मांडलंय हे.
खाली गेल्या ऑगस्टची तारीख,
नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं त्या दिवसाची.

सोमवारी आठवी काढली. तळं हललं नाही.
महापौरांच्या कचेरीतून निरोप: थांबा.
तळ्याकाठच्या गावातून: सोडा.
दोन्ही गावं एकमेकांना पाण्यात पाहतात,
त्याच एका पाण्यात.

गुरुवारी अर्नाल्डो फोन उचलेना.
मी कामानंतर वही घेऊन गाडीनं गेले.
तो आकडी अडकवून उभा होता, हात लाल.
सातवी फळी फुगून बसली होती.
माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुसरं टोक धर."

सात वर्षं दिवसभर मी याच पाण्याबद्दल बोलते,
हात कधी लावला नव्हता.
थंडी कोपरापर्यंत चढली.
फळी आधी कण्हली, मग एकदम सुटली;
मी चिखलात बसले,
आणि पाणी गेलं.
आवाज फार मोठा नव्हता,
भरल्या घरातून कुणी निमूट उठून जावं, इतकाच.

फळीच्या ओल्या कडेला काहीतरी चिकटलेलं,
बोटभर, काचेसारखं, दोन काळे ठिपके डोळ्यांचे.
वाम माशाची पिलं. समुद्रातून निघालेली, वर जाणारी.
अर्नाल्डोनं ती तळव्यानं अलगद निपटली
आणि बांधाच्या वरच्या अंगाला सोडली.
एकेक. अंधार पडेपर्यंत.
"हे वहीत नको," म्हणाला.

मग दारामागे जाऊन
एकोणीसवर आडवी रेघ मारली.
कुणाला विचारून काढली, हे मी विचारलं नाही.
दुसरं टोक माझ्या हातात होतं.

शुक्रवारी सात वाजून दोन मिनिटांनी विल्मा:
"अजून तिसरीच.
पण भिंतीवर ओली रेघ वर राहिलीय,
पाणी तिच्या खाली आहे. नखाएवढं."
मी लिहून घेतलं: नखाएवढं.
वहीत या मापाला रकाना नाही.

ऑगस्टमध्ये फोन कुणाचे येतील, मला ठाऊक आहे.
सम घरांचे, विषम घरांचे.

त्या रात्री भांडी घासताना
मी नळ दोनदा बंद केला, दोनदा सोडला.
दाब ठीक होता.