रुमालाखालचा भाव

बेळगावात, कॅम्पातल्या दुकानात ती सगळ्यात खालच्या फळीवर,
फिनाईलच्या डब्याशेजारी,
खांद्यावर दोन दिवाळ्यांची धूळ.
पोरगा म्हणाला, "ते कशाला ओ काका? कोण घेत न्हाई ते."
मी धूळ पुसली. वर अबकारीचं कन्नड तिकीट,
खाली बारीक अक्षरांत मका आणि आतून जाळलेलं पिंप.
मका वाचला आणि पैसे काढले.

निपाणीत रायाप्पा बसला होता
बंद वखारीच्या कट्ट्यावर.
तीस वर्षं तो विकणाऱ्याकडून, मी घेणाऱ्याकडून,
एकाच पोत्यावर समोरासमोर शिंकलो.
त्यानं दोन चिरूट वळून आणले होते,
अकोळचं पान, शिर काढलेलं, कणकेच्या खळीनं डकवलेलं.
बिडीचं पान. चिरुटासाठी ते कुणी पेरत नाही.

स्टीलमध्ये वास मरतो,
म्हणून चहावाल्याचे काचेचे ग्लास.
नाक आधी. सवय जात नाही.
काकवी. मग चुलीत विसरलेलं कणीस.
मग सुताराच्या दुकानातला भुसा, आणि—
"ओलं पोतं," रायाप्पा म्हणाला.
दोष तो आधी सांगतो, भाव चढा असला की.
आज विकत मी होतो.

नुसती प्याली तर घसा खरवडते.
नुसता ओढला तर चिरूट जीभ भाजतो.
पण घोट गिळून लगेच
हलका झुरका घेतला
तर खालून गूळ वर येतो,
गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला जळून चिकटतो तो,
जो आम्ही पोरं नखानं काढायचो
आणि मार खायचो.

बिड्या मोजून देऊन बाया घराकडं निघालेल्या.
निंगव्वा थांबली, हवेत नाक धरलं.
"कुणाचं पान?"
"अकोळचं."
"वाया घालवलासा की," म्हणाली, आणि
तरीही थोडा वेळ उभी राहिली.

मग रायाप्पानं खांद्यावरचा रुमाल
माझ्या हातावर टाकला, खाली हात घातला.
वखार बंद झाल्यापासून पहिल्यांदा.
चार बोटं दाबली. मी मान हलवली.
तो रागावला, अंगठा जोडला.
बाटलीचा भाव की पानाचा,
विचारलं नाही मी.
रुमालाखालचं मोठ्यानं बोलायचं नसतं.

तळाशी बोटभर उरली होती.
तीही घासाघीस करूनच संपवली.