सांधा

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचे सांधे झिजलेत,
सायकल चालवा, पोहा, काहीतरी करा.
पाण्याची मला भीती.
म्हणून सायकल, तीही भाड्याची,
त्रेपन्नाव्या वर्षी,
शिवडीच्या गोदामांमागे,
जिथून गोदीची मालगाडी जायची
आणि आता डांबराची काळी पट्टी जाते
दीड माणूस रुंद,
गंधकाच्या बंद शेडपासून खाडीच्या कठड्यापर्यंत.

तौसीफने सीट वगैरे धरली नाही.
ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधता शोधता
बसल्या जागेवरून ओरडायचा,
"चाकाकडे नका बघू, आंटी,
चाक कुठे पळून जात नाही."

मग मी पुढे बघायला लागले.
सिग्नलच्या खांबावर खडूच्या तीन रेघा, पोरांचे स्टंप.
तिवरांत अडकलेली निळी चप्पल, एकच.
चढ असा, की पायाला कळतो, डोळ्याला नाही.
आणि वळण इतकं सावकाश
की वाटतं, मागून अजून येतेच आहे
वाघिणींची लांबलचक रांग,
तिला वेळ द्यायला हवा.
(लहानपणी वडील म्हणायचे, गाडीला चाळीस वाघिणी जोडल्यात,
आणि मी रात्रभर घाबरून जागी.)

एका जागी दुसरी लाइन तिरकी येऊन मिळायची.
तेवढे रूळ ठेवलेत, आठवण म्हणून,
डांबरात गळ्यापर्यंत बुडवलेले.
सातव्या दिवशी माझं पुढचं चाक
त्या खोबणीत शिरलं.
सायकल गेली रुळाने,
मी गेले डांबराने.

बाकावर एक म्हातारे होते. एप्रिलात स्वेटर.
उठवायला आले नाहीत.
"तिरकं गेलात," म्हणाले.
"रूळ काटकोनात ओलांडायचा.
आधी जरा डावीकडे झोक घ्या, मग सरळ त्याच्या अंगावर.
चाक लोखंडाचं असो, रबराचं असो,
खोबण दिसली की आत जाणारच. जात आहे त्याची."

अंतोबा पाष्टे. सांधेवाले. एकतीस वर्षं.
उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली,
खटका ओढून ओढून.
चपलेच्या टोकाने दाखवला तो कुठे होता:
तिथे आता कचऱ्याचा डबा, हसरं तोंड रंगवलेला.
असा ओढला की कापसाकडे,
असा सोडला की कोळशाकडे.

कोपराला रुमाल बांधता बांधता मी विचारलं,
कधी चुकला?

खाडीत भरती चढत होती.
चिखलातले पक्षी एकेक पाऊल मागे सरत होते.
"एकदा," म्हणाले.
मी गाठ मारली. सोडली. परत मारली.
"कुणी मेलं नाही."
आणि बऱ्याच वेळाने,
मी पेडलवर पाय ठेवल्यावर:
"बहुतेक."

त्यानंतर मी विचारलेलं नाही.
त्यांनीही माझं काही विचारलं नाही,
एकटी का येते, घरी कोण असतं,
मोबाइल वाजला की सायकल थांबवून
नंबर बघून तो परत खिशात का टाकते.
फक्त एकदा म्हणाले, हवा कमी आहे मागच्यात.
खरंच कमी होती.

आता रोज सहाला.
मी वळणावर दिसले
की त्यांचा उजवा हात, मांडीवर पडलेला,
आपोआप मागे ओढला जातो, इंचभर.
मला कुठल्या लाइनीवर घालतात कोण जाणे.
पट्टी तर एकच आहे.

मी डावीकडे झोक घेते,
हँडल सरळ करते,
गुडघा कुरकुरतो,
आणि रुळांच्या अंगावर जाते.
टक्, टक्. पुढचं चाक.
टक्, टक्. मागचं.
पाष्टे मान हलवतात,
वाघीण गेली म्हणून,
आणि पुढचीची वाट बघतात.