वाव

आमच्या घरामागे चौदा पावलांवर समुद्र.
मी तीन वर्षांचा असताना आईने
माझ्या कमरेला दोर बांधला,
दुसरं टोक कॉड वाळवायच्या मांडवाच्या खांबाला.
चार वाव.
खडकांपर्यंत पोचायचो, शेवाळापर्यंत नाही.
रोस्ट बेटावर तेव्हा अंगणाअंगणात असं एखादं पोर बांधलेलं असे
आणि कुणाला त्यात वावगं वाटत नसे.

दर एप्रिलात पफिन परतले
की आई दोर अर्धा वाव वाढवायची.
समजावत बसली नाही कधी.
भरतीची ओल कुठवर चढते
ते तिने रोज पाहिलेलं असायचं.

तिरिल आता बारा वर्षांची.
मार्चमध्ये शाळा सुटली की धक्क्यावर कॉडच्या जिभा कापते.
फोन तिने त्या पैशांतून घेतला,
माझ्या नव्हे.
प्रत्येक भांडणात हे एकदा येतंच.

सुरी चालवतानाचा व्हिडिओ तिने टाकला होता.
सकाळपर्यंत चार हजार जणांनी पाहिला.
त्यातल्या एकाने तिच्या दातांबद्दल लिहिलं.
मला कळलं पंधरा दिवसांनी,
तेही, ती ओठ मिटून हसायला लागली म्हणून.

तेव्हापासून रात्री नऊला फोन पावाच्या डब्यात.
झाकणाच्या फटीतून उजेड येतो, जातो.
आई म्हणते, बरं केलंस, बांधून ठेव.
पण खांब कुठे ठोकू, आई?
तुझ्या समुद्राला वास होता,
वादळाआधी तो गुरगुरायचा.
हा पांघरुणाखाली मावतो, उशीइतका कोरडा,
आणि रात्री दीडला मीच त्यात
गुडघाभर उभा असतो.
ओल कुठवर आली, मला तरी कुठे कळतं?

काल तिरिललाच विचारलं, किती वाव देऊ?
तिने आधी मान वर केली नाही.
मग म्हणाली,
"आजीने तुझा दोर कधी सोडला?"

नाही सोडला.
तिच्या बोटांकडे बघून मी गाठ शिकलो,
आणि मी शिकलोय हे तिला ठाऊक होतं.

"मग?"

मग काय. सहाव्या वर्षी सोडली गाठ
आणि थेट पाण्याकडे गेलो.
आई खिडकीत होती.
हाक मारली नाही तिने.
पण घरातल्या घरात
पायांत बूट होते तिच्या.

रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी
तिरिलने आपणहून फोन डब्यात ठेवला.
वरच्या वीस मिनिटांचं
मी काही बोललो नाही.